तोरणमाळ, सोनगीरमार्गे

तोरणमाळला जायचं ठरलं आणि आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाची गरज पडली. एकवीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होतो. या एकवीस वर्षांत घरच्यांनी मला पाऊस कधी येईल एवढं एकदाच विचारलं होतं, आणि माझं उत्तर चुकल्यावर तेही विचारणं सोडून दिलं होतं.

१९८९च्या जानेवारीत निंबाभाऊंनी, माझ्या थोरल्या भावाने, नवी जीप घेतली. केळीच्या बागा, मजूर, ट्रॅक्टर सगळं तेच बघायचे. मी पगारी माणूस, म्हणजे घरात जरा पाहुण्यासारखाच. जीपची पहिली फेरी देवाला झाली, दुसरी मळ्यात. तिसरी कुठे, यावर वाद चालला असताना आमचे वडील, आबा, ओट्यावरून म्हणाले, "तोरणमाळ. बहात्तर वरीस सातपुडा खालून देखा. आते वरून देखू."

"रस्ता कोणता घ्यायचा?" निंबाभाऊंनी विचारलं.

"कौतिक सांगी. नकाशावाला तोच शे."

मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांच्या परवानगीने शाळेतला महाराष्ट्राचा मोठा नकाशा, मागे कापड लावलेला, सायकलला बांधून घरी आणला. शिवाय जळगावहून रस्त्यांचा एक घडीचा नकाशा विकत आणला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मोठा नकाशा घरात जमिनीवर पसरला. कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, पाटा आणि माझा एक जोडा ठेवला. हातात छडीही घेतली. छडीशिवाय मला नकाशावर बोलता येत नाही.

"तोरणमाळला दोन रस्ते जातात," मी सुरुवात केली. "एक खालून. जळगाव, धुळे, सोनगीर, दोंडाईचा, मग शहादा. दुसरा वरून. चोपडा, शिरपूर आणि सरळ शहादा. वरच्या रस्त्याने सातपुडा सारा वेळ उजव्या हाताला राहतो. डावीकडे केळी, उजवीकडे डोंगर. नुसतं बघत बसायचं."

कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, वर्णन आवडलं. मग लक्षात आलं की मी दोंडाईच्याचं नाव घेतलं होतं.

ते नाव आमच्या घरात अकरा वर्षं कोणी घेत नव्हतं. आबांच्या पाठची बहीण, आमची सुगंधाआत्या, दोंडाईच्याला राहते. १९७८ साली तिचे यजमान, तोतारामफुवा, अचानक गेले. सकाळी तार आली आणि आबा तासाभरात घरातून निघाले. जळगावला जाऊन गाडीत बसायचं आणि दुपारपर्यंत दोंडाईच्याला उतरायचं, एवढंच होतं. आबा तिथे पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी. अग्नी देऊन झाला होता. दारातच आत्याने सगळ्या भावकीसमोर विचारलं, "एवढा कोणता कामले अडकेल व्हता, भाऊ?" आबांनी उत्तर दिलं नाही. पाणीसुद्धा न घेता ते तिथूनच माघारी फिरले. पुढे आत्याने बोलावलं नाही, आबांनी विचारलं नाही. आमच्या घरात एकदा तोंड मिटलं की ते उघडायला पिढी जावी लागते, आणि आम्ही याला करारीपणा म्हणतो.

पहिली बोलली आई. धुरपदाबाई म्हणजे आमची आई कधीच मुद्द्यावर थेट येत नाही. "धुळ्याला एकवीरेचं दर्शन राहिलं आहे माझं," ती म्हणाली. "खालूनच जाऊ."

"हो, खालूनच बरं," ताईबाई वहिनी लगेच म्हणाल्या. त्यांचं माहेर सोनगीर. "भाऊजी, सोनगीर रस्त्यातच येतं ना?"

"तो रस्ता हायवेचा. ट्रकांच्या मागे मागे जायचं," मी म्हणालो. "त्याला काही शोभा नाही."

"शोभा काय करायची आहे?" ही सुनंदा, माझी बायको. दिवाळीपासून ती आणि वहिनी कामापुरतंच बोलत होत्या, पण त्या दुपारी दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. "आईंना देवदर्शन होईल, वहिनींना माहेर भेटेल. डोंगर काय, घरातूनही दिसतो."

"वरूनच जायचं," निंबाभाऊ म्हणाले. त्यांना डोंगराशी देणंघेणं नव्हतं. आबांना दोंडाईचा नको, एवढं त्यांना कळत होतं.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा उठून नकाशापाशी आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला, दोनदा मान हलवली, मग वाकून एक बोट टेकवलं आणि म्हणाले, "हाच रस्ता."

बोट अरबी समुद्रात होतं. मुंबईच्या जरा पश्चिमेला.

मी म्हणालो, "बरोबर. वरचाच रस्ता." मनात म्हणालो, आबांचा चष्मा बदलायला हवा. भूगोलाच्या मास्तराला तेवढंच सुचलं.

*

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. निंबाभाऊ जीप चालवत होते. त्यांच्या शेजारी आबा, आणि दाराशी घडीचा नकाशा घेऊन मी. मागे आई, वहिनी, सुनंदा, चार पोरं आणि दशम्यांचं गाठोडं.

शिरपूर येईपर्यंत माझा अंमल चांगला चालला. उन्हं वर आली तसा सातपुडा निळ्याचा तपकिरी झाला. मी अनेर नदी दाखवली, ती कुठे उगम पावते ते सांगितलं, सातपुडा कसा तयार झाला तेही सांगितलं. मागून आई म्हणाली, "कौतिक, माले भी दाखव ना नकाशा." तिला नीट दिसावा म्हणून मी तो उलटा करून मागे धरला आणि मानही मागे वळवून बोलत राहिलो. शिरपूर आलं तेव्हा मी तशाच अवस्थेत होतो.

"इथे कसं?" निंबाभाऊंनी विचारलं. समोर मोठा हमरस्ता आडवा होता.

नकाशावर माझ्या बोटाखाली जाड तांबडी रेघ होती. जाड रेघ म्हणजे मोठा रस्ता, आणि मोठा रस्ता म्हणजे आपला रस्ता, असा हिशेब मी एका क्षणात केला. "डावीकडे," मी म्हणालो आणि लाव्हारसाचं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. ती रेघ मुंबई-आग्रा रस्त्याची होती. आम्हाला तो नुसता ओलांडायचा होता.

पुढचं सुनंदाने मला नंतर सांगितलं. वळल्यावर दोन मिनिटांत तिच्या लक्षात आलं होतं. पश्चिमेला जाताना सकाळचं ऊन पाठीवर हवं, ते तिच्या डाव्या गालावर आलं. मग मैलाचा दगड गेला, त्यावर स्वच्छ अक्षरात धुळे लिहिलेलं होतं. तिने सासूकडे पाहिलं. सासूने तिच्याकडे पाहिलं. वहिनी पदर सावरून बाहेर बघू लागल्या.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"तुम्ही श्वास घ्यायला थांबला असता तर सांगितलं असतं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खोटं कशाला बोलू. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय. आईंसाठी. मला तुमचा अभिमान वाटला होता."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तिला माझा अभिमान वाटला तो या एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट मी केलेली नव्हती.

मग मोठा पूल लागला. खाली रुंद पात्र, मधोमध संथ पाणी, दोन्ही काठांना मातीचे उंच कडे. "ही अरुणावती," मी मागे बघून पोरांना सांगितलं. "शिरपूरची नदी. ही पुढे तापीला मिळते."

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

आबांचा जन्म तापीच्या काठचा. त्यांनी पोहायला शिकून घेतलं तापीत, बैल धुतले तापीत, आईवडलांच्या अस्थी सोडल्या तापीत. त्यांना ती पुलावरून काय, अंधारात वासावरून ओळखता आली असती. वरच्या रस्त्याला तापी ओलांडावी लागत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. जीप चुकली हे त्यांना पुलावरच कळलं. आणि पलीकडे काय आहे तेही. ते मला पुढे म्हणाले, "मी म्हनणार व्हतो, फिराव गाडी. शब्द तोंडावर येल व्हता." पण त्यांनी म्हटलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते समोर बघत राहिले. पोरं 'अरुणावती, अरुणावती' घोकत होती.

*

सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा मी गप्प झालो. डाव्या बाजूला टेकडी, टेकडीवर तटाची पडकी रेघ. असा किल्ला शहाद्याच्या वाटेवर नाही, हे मला कोणत्याही नकाशाशिवाय माहीत होतं. वहिनींच्या लग्नात मी त्याच टेकडीखाली जेवलो होतो.

"माझं गाव," वहिनी मागून म्हणाल्या, अगदी हळू.

निंबाभाऊंनी जीप रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. समोर तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं होती, आत कुणीतरी हंड्यावर ठोके मारत होतं. निंबाभाऊ खाली उतरले आणि माझ्या बाजूला आले.

"हे सोनगीर आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे बायांनी आणि मास्तरने मिळून ठरवलं होतं. आम्ही दोघं येडे. आबा समोर बसलेले असताना तू त्यांना फसवून दोंडाईच्याच्या वाटेला लावलंस."

"कौतिकले काही बोलू नको," आई म्हणाली. "पोऱ्याने चांगलं करं. तुले सुचलं नही, त्याले सुचलं."

"भाऊजींनी शब्द राखला," वहिनी म्हणाल्या. मी त्यांना कधी शब्द दिला नव्हता.

सुनंदा माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात जे होतं ते मला तोवर कधी मिळालं नव्हतं. तिथे मी पुष्कळ वेळ गप्प राहिलो. कारण सोपं आहे. कारस्थानी म्हणवून घ्यायला मला चाललं असतं. मनाचा मोठा म्हणवून घ्यायला तर फारच चाललं असतं. मूर्ख म्हणवून घ्यायला मात्र जीव तयार नव्हता. एकवीस वर्षांची नोकरी, भिंतीवरचा नकाशा, छडी, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं.

पण निंबाभाऊंचा चेहरा मला बघवेना. त्यांना खरोखर लागलं होतं. सगळं घर आपल्या पाठीमागे एक झालं असं त्यांना वाटत होतं.

"भाऊ," मी म्हणालो, "कोणी काही ठरवलं नव्हतं. मी चुकलो."

"काय चुकला?"

"रस्ता चुकलो. शिरपूरला सरळ जायचं होतं, मी डावीकडे सांगितलं. नकाशा उलटा धरला होता. मघाची नदी अरुणावती नव्हती. तापी होती."

मागे पोरांपैकी कुणीतरी हसलं आणि वहिनींनी त्याला दाबलं. निंबाभाऊ माझ्याकडे बघत राहिले. "तू भूगोल शिकवतोस," ते म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"हो," मी म्हणालो.

सुनंदाने तोंड फिरवलं. माझा अभिमान शिरपूर ते सोनगीर एवढाच टिकला. बावीस-पंचवीस मैल.

निंबाभाऊंना मग हसू आलं. ते जीपच्या बॉनेटला टेकून हसायला लागले, आणि मीही हसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात आबा बोलले. पुढच्या सीटवर बसूनच, किल्ल्याकडे बघत.

"मी भी चुकेल व्हतो."

"कुठे, आबा?" निंबाभाऊंनी विचारलं.

"त्या दिवशी. तोताराम गया तवय. मी याच सोनगीरवरून गऊ."

निंबाभाऊंचं हसू थांबलं. "सोनगीरवरून कशाला? जळगावहून गाडी सरळ दोंडाईच्याला जाते. अमळनेरवरून."

"ती जाते. मी दुसरीमा बसनू."

आबांनी ते तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. जळगाव स्टेशनावर दोन गाड्या उभ्या होत्या. एक सुरतेकडची, एक मुंबईकडची. ते पाटीसमोर जाऊन उभे राहिले, दोन मिनिटं, वाचत असल्यासारखे. आजूबाजूला माणसं होती. पांढरं धोतर, फेटा, अंगावर चांगला कोट. असा माणूस दुसऱ्याला कसा विचारणार की ही गाडी कुठली? त्यांनी मान हलवली आणि समोरच्या गाडीत चढले. ती चाळीसगावला गेली. तिथे उतरले तेव्हा धुळ्याची त्या दिवशीची शेवटची गाडी निघून गेलेली होती. रात्र फलाटावर काढली. पहाटे धुळे, धुळ्याहून सोनगीरवरून बस. बसमधून हा किल्ला दिसला तेव्हा सूर्य वर आला होता आणि आपण उशिरा पोचणार हे त्यांना कळलं होतं.

"पण पाटीवर लिहिलेलं असतं, आबा," निंबाभाऊ म्हणाले.

आई मागून पुढे वाकली. तिने आबांच्या खांद्यावर हात ठेवला. मी माझ्या उभ्या आयुष्यात तिला चारचौघांत असं करताना पाहिलं नव्हतं. "त्यास्ले वाचता येत नही, निंबा," ती म्हणाली. "सही येते तेवढी. ती मी शिकवलेली."

आई चौथी शिकलेली. आबांचं वर्तमानपत्र लहानपणापासून मी वाचून दाखवायचो, कारण आबांच्या डोळ्यांना पाणी येतं. पत्रं आई वाचायची, कारण आबांना वेळ नसतो. सातबारा निंबाभाऊ वाचायचे, कारण आता ते मोठे झालेत. मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला वर्षभर गावातल्या माणसांना गमभन शिकवायला जात होतो, आणि वर्गाला जाताना आबांना विचारायचो, घड्याळात किती वाजले. ते सूर्याकडे बघून सांगायचे. मला त्याचंही कौतुक वाटायचं.

"सुगंधाले सांगायचं होतं," आई म्हणाली. "अकरा वरीस झाले. माले तरी सांगायचं."

"काय सांगू?" आबा म्हणाले. "तिना दाल्ला मरी गया आणि तिना भाऊ पाटी वाचता येत नही म्हनून ऊना नही? त्यापेक्षा ती म्हने, भाऊ कठोर शे. ते बरं."

दुकानातले ठोके चालूच होते. निंबाभाऊ चालकाच्या जागेवर येऊन बसले. त्यांनी किल्ली फिरवली नाही. वरच्या रस्त्यासाठी सगळ्यांशी भांडणारे तेच होते.

"आबा," त्यांनी विचारलं, "परत शिरपूरला फिरवू, की दोंडाईच्याला जाऊ?"

आबांनी माझ्या मांडीवरच्या नकाशाकडे बघितलं. "कौतिकले विचारू नको," ते म्हणाले. "रस्ता माले माहीत शे."

*

आत्याच्या घरासमोर आम्ही उतरलो तेव्हा दुपार होत आली होती. ती ओट्यावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिने आधी जीप पाहिली, मग पोरं, मग आईला पाहिलं, आणि शेवटी आबांना. हातातली मिरची सुपात ठेवली आणि उठायला लागली. गुडघ्याने दगा दिला म्हणून तशीच बसून राहिली.

ठरल्याप्रमाणे आई पुढे होणार होती. तसं आम्ही जीपमध्ये ठरवलं होतं, आणि आम्ही काही ठरवलं की ते होत नाही. आबाच पुढे गेले. ओट्याच्या पायरीपाशी उभे राहिले. वर चढले नाहीत.

"सुगंधा," ते म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीना गाडीमा बसनू. चाळीसगावले गऊ. कामबिम काही नव्हतं."

शेजारच्या घरातून कोणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं.

"ते गये," आत्या म्हणाली, "तवय या घरमा सारा त्यास्ना माणसं व्हतात. मन्हा एक भी नव्हता. मी दारकडे देखत व्हतू. लोके म्हनेत, उचला आते, कोण येवाणं शे. मी म्हनू, थांबा, मन्हा भाऊ येवाणा शे. दोनदा थांबाडं त्यास्ले."

आबा मान खाली घालून उभे होते. निंबाभाऊंनी माझा दंड घट्ट धरला होता, का ते त्यांनाही माहीत नसावं.

"पाटी वाचता उनी नही," आबा म्हणाले.

आत्याने डोळे मिटले. मग तिने कपाळावर हात मारला, आबांच्या नव्हे, स्वतःच्या. "तीन दिवस गयता तू शाळामा," ती म्हणाली. "चौथा दिवस पळी गया. तुले शोधाले नदीवर मीच येल व्हतू. दप्तर पाणीमा टाकी दिन्हतं तू. माले सारं माहीत व्हतं." ती आईकडे वळली. तिचा चेहरा वाकडा झाला होता. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना. "अकरा वरीस मी याना नावना बोटं मोड्यात, वहिनी. माले एकदा भी सुचनं नही."

मग ती सरकली आणि ओट्यावर जागा केली. आबा वर चढले आणि तिच्याशेजारी बसले. मध्ये मिरच्यांचं सूप होतं. आम्ही सगळे उन्हात उभे होतो आणि आम्हाला कोणी बसा म्हणत नव्हतं.

"रातभर फलाटवर व्हता?" आत्याने विचारलं.

"हां."

"काही जेवना व्हता का?"

आबांनी मानेनेच नाही म्हटलं.

आत्याने सुनंदापुढे हात केला, तिच्या आधाराने उठली आणि चूल पेटवायला आत गेली.